मावशीच्या कॉम्प्युटरमधल्या त्रेसष्ट प्रती

माझी मावशी मिरजेला घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं सगळं. वीस वर्षांहून जास्त काळ ती हे करतेय, आणि या काळात तयार झालेली जवळजवळ प्रत्येक फाइल तिनं जपून ठेवली आहे. त्याला कारणही तसंच आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, थोरलीच्या लग्नाला केली होती ना, तश्शीच पत्रिका पाहिजे." मग ती आडनाव टाइप करते, जुनी फाइल काढते, नावं आणि मुहूर्त बदलते आणि अर्ध्या तासात प्रूफ हातात देते. शोधता येणं हा तिच्या धंद्याचा कणा आहे. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या प्रकरणात तीच सगळ्यात आधी विसरली गेली.

2024 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचा फोन आला. "अरे, मशीन सकाळी लावलं की दुपारपर्यंत हलतच नाही. दुरुस्तीवाला म्हणतोय नवीनच घ्या. तू एकदा बघून जा, मग ठरवते."

मशीन आणि तक्रार

कॉम्प्युटर 2016 साली जुळवून घेतलेला. आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, मिनिटाला 5400 फेऱ्यांची 1 टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. कामासाठी पेजमेकर, कोरलड्रॉ, वर्ड आणि श्रीलिपी. आजच्या मानानं मशीन जुनं, पण पत्रिका लावायला पुरेसं. दिवाळीपर्यंत त्याची काही तक्रार नव्हती.

रविवारी मी मिरजेला पोहोचलो आणि आधी नुसता बघत बसलो. मावशीनं साडेनऊला बटण दाबलं. डेस्कटॉप यायला चारेक मिनिटं लागली, तेवढं ठीक. त्यानंतर तिनं पेजमेकरवर डबल क्लिक केलं आणि उठून चहा टाकायला गेली. रोजची सवय झाली होती ती. कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला होता. कान दिला तर आतून डिस्कची बारीक कुरकुर ऐकू येत होती, थांबायचं नाव नाही. चहा झाला, पिऊन झाला, पेजमेकर उघडायचाच होता. उघडल्यावर तिनं एका नावातली वेलांटी बदलायला की दाबली आणि पडद्यावर ती उमटायला मी मनातल्या मनात सातपर्यंत आकडे मोजले.

हे साडेअकरा-बारापर्यंत चालायचं. मग हळूहळू हलकं व्हायचं. डिसेंबरात तासाभराचा त्रास होता, जानेवारीत दोन तासांचा, आणि फेब्रुवारी उजाडता उजाडता काही दिवस संध्याकाळपर्यंत. रोज थोडं थोडं वाढत जाणारा त्रास हा महत्त्वाचा धागा होता. डिस्क बिघडत असेल तर त्रास असा शिस्तीत वाढत नाही, आणि व्हायरस असेल तर दुपारी बाराला शहाणा होत नाही. तरीही डिस्कची तब्येत तिच्या स्वतःच्या नोंदींवरून आधी तपासली. खराब सेक्टर एकही नव्हता.

आधी झालेले दोन उपाय

दुरुस्ती करणारे गृहस्थ दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा त्यांनी टास्क मॅनेजर उघडला, डिस्क 100 टक्के दिसली, यादीत विंडोजचा सर्च इंडेक्सर, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून फाइलींची सूची (इंडेक्स) बनवणारा प्रोग्रॅम, वर दिसला, आणि त्यांनी सर्चची सर्व्हिस बंद करून टाकली. हा उपाय इतका प्रचलित आहे की त्यांना दोष देणं मला पटत नाही. 'कॉम्प्युटर स्लो आहे? इंडेक्सिंग बंद करा' हे आपण एक्सपीच्या काळापासून ऐकत आलोय. 2007 मध्ये व्हिस्टा आला तेव्हा सर्च आणि त्याचं इंडेक्सिंग सुरुवातीपासूनच चालू असायचं. घरोघरी रॅम 512 एमबी किंवा 1 जीबी. त्या मशीनवर तो सल्ला खरोखर उपयोगी पडत होता. यंत्रं बदलली, सल्ला तसाच हातोहात पुढे आला.

सर्व्हिस बंद केल्यावर मशीन खरंच हलकं झालं. एक दिवस मावशी खूश होती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, तिनं नेहमीसारखं आडनाव टाइप केलं आणि वरची हिरवी पट्टी सरकत राहिली. दहा मिनिटं झाली तरी शोध संपेना. इंडेक्स नसला की विंडोजला प्रत्येक फोल्डरमध्ये शिरून एकेक नाव बघावं लागतं. गिऱ्हाईक "नंतर येतो" म्हणून गेलं.

म्हणून ते गृहस्थ पुन्हा आले. सर्व्हिस चालू केली आणि 'इंडेक्स बिघडला असेल' म्हणून रिबिल्ड दाबलं. रिबिल्ड म्हणजे जुनी सूची पूर्ण फेकून पहिल्यापासून नवी बनवणं. त्यानंतर मशीन दोन दिवस कामाचंच राहिलं नाही. मग सल्ला मिळाला, की मशीन जुनं झालंय, नवीन घ्या.

दोन्ही वेळा एक प्रश्न राहून गेला होता. इंडेक्सर नेमकं काय वाचतोय?

रिसोर्स मॉनिटरमधली ओळ

टास्क मॅनेजर सांगतो की डिस्कवर भार आहे आणि तो कोण टाकतोय. कुठल्या फाइलसाठी, हे तो सांगत नाही. ते रिसोर्स मॉनिटर सांगतो. टास्क मॅनेजरच्याच परफॉर्मन्सच्या पानावरून तो उघडतो. त्यातल्या डिस्कच्या भागात या क्षणी कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल वाचतोय किंवा लिहितोय ते पूर्ण पत्त्यासकट दिसतं. घरच्या कॉम्प्युटरच्या तक्रारीत एकच साधन वापरायची मुभा असेल तर मी हेच निवडेन.

यादी सरसर बदलत होती. सर्च प्रोटोकॉल होस्ट नावाचा प्रोग्रॅम, म्हणजे इंडेक्सरचा फाइल आणून देणारा गडी, एकामागून एक फाइल उघडत होता. त्याच्या मागोमाग अँटिव्हायरस तीच फाइल तपासत होता. आणि प्रत्येक पत्त्यात डॉक्युमेंट्स, मग बॅकअप, मग एक तारीख. 2 फेब्रुवारी. थोड्या वेळानं 3 फेब्रुवारी.

"मावशी, हे बॅकअप काय आहे?"

"ते होय, शेजारच्या पोरानं करून दिलंय. दिवाळीत लाइट गेली आणि अहवालाची फाइल गेली ना माझी, तेव्हा. रोज सकाळी आपोआप होतं."

डिप्लोमाला असलेल्या त्या मुलानं पैसे न घेता, मनापासून काम केलं होतं. चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी. लॉगिन झालं की विंडोजमधला प्रती काढणारा रोबोकॉपी कामाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून डॉक्युमेंट्समधल्या बॅकअपमध्ये त्या दिवसाच्या तारखेच्या नावानं ठेवायचा. जुन्या प्रती काढून टाकायची ओळ मात्र राहून गेली होती. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हे सुरू झालं, रविवार सोडून रोज. मी मोजली, 62 तारखा होत्या.

कामाच्या फोल्डरमध्ये 6,800 च्या आसपास फाइल्स, एकूण साडेचार जीबी. त्याला 62 नं गुणलं की 4 लाख 21 हजार फाइल्स आणि 279 जीबी. मूळ फोल्डर धरून प्रत्येक पत्रिकेच्या 63 प्रती. डिस्क 1 टीबीची असल्यामुळे जागा कमी पडल्याची सूचना कधी आली नाही, आणि म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इंडेक्सिंग ऑप्शन्सची खिडकी उघडली. नोंदींचा आकडा 4 लाख 30 हजारांच्या पुढे. खाली संदेश, की वापर सुरू असल्यामुळे इंडेक्सिंगचा वेग कमी केला आहे. सूची ज्या विंडोज डॉट ईडीबी नावाच्या फाइलमध्ये राहते ती 7 जीबी झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात यासाठी ढोबळ आकडे दिलेले आहेत. बहुतेक वापरणाऱ्यांच्या सूचीत 30,000 पेक्षा कमी नोंदी असतात, फार काम करणाऱ्यांच्या 3 लाखांपर्यंत जातात, 4 लाखांपुढे त्रास सुरू होऊ शकतो. मिरजेच्या त्या खोलीत एक बाई पत्रिका लावत होती आणि तिच्या मशीनवर एका मोठ्या कचेरीएवढी सूची बांधली जात होती.

सूची बनते कशी, आणि डिस्क का दमते

जाड ग्रंथाच्या शेवटी सूची असते. 'पंढरपूर' असा शब्द आणि पुढे पानांचे आकडे. ती सूची कुणीतरी अख्खा ग्रंथ वाचून बनवलेली असते. एकदा बनली की वाचकाला 'पंढरपूर' शोधायला ग्रंथ चाळावा लागत नाही. इंडेक्सर तेच करतो. प्रत्येक फाइल उघडतो, तिचं नाव, तारीख, प्रकार टिपतो, आतला मजकूर काढता येत असेल तर काढतो, त्याचे शब्द करतो आणि कुठला शब्द कुठल्या फाइलमध्ये आहे याची नोंद ठेवतो. पहिल्यांदा सगळं वाचावं लागतं. पुढे डिस्कवरची फाइलव्यवस्था जेवढे बदल कळवेल तेवढंच. म्हणून नेहमीच्या घरगुती वापरात पहिले काही तास गेले की इंडेक्सर जवळजवळ दिसतसुद्धा नाही.

मावशीच्या मशीनवर रोज सकाळी 6,800 नव्या फाइल्स जन्माला येत होत्या. इंडेक्सरच्या दृष्टीनं त्या प्रती नव्हत्या, नवीन कागदपत्रं होती. त्याला दिलेलं काम तो इमानानं करत होता. काम रोज नव्यानं उभं केलं जात होतं.

आता टास्क मॅनेजरमधलं एक चित्र, जे पाहून बरेच जण गोंधळतात. डिस्क 100 टक्के, पण वेग सेकंदाला जेमतेम 0.9 एमबी. शंभर एमबीनं वाचू शकणारी डिस्क एका एमबीत कशी दमते? उत्तर तिच्या फिरण्यात आहे. मिनिटाला 5400 फेऱ्या म्हणजे एक फेरी 11 मिलिसेकंदांची. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुईचा हात योग्य पट्टीवर न्यायला साधारण 12. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी म्हणजे सतरा-अठरा मिलिसेकंद. सेकंदाला अशा साठाच्या आतच उड्या होतात. प्रत्येक उडीत 4 केबी वाचले तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा भरत नाही. मोठी फाइल सलग वाचताना हात एका जागी असतो म्हणून शंभर एमबी मिळतात. हजारो छोट्या फाइल्स वाचताना सगळा वेळ हात हलवण्यात जातो. 100 टक्के हा आकडा डिस्क किती वेळ गुंतलेली आहे हे सांगतो, तिनं किती माल वाहिला ते सांगत नाही.

एक फाइल सूचीत घालायची तर तिची नोंद वाचणं, ती उघडणं, मजकूर वाचणं, अँटिव्हायरसचं वाचणं, मग सूचीच्या फाइलमध्ये निरनिराळ्या जागी लिहिणं अशा आठ-दहा उड्या धराव्यात. 6,800 फाइल्सच्या अडुसष्ट हजार उड्या, म्हणजे दुसरं काहीही चालू नसताना वीस मिनिटं. पण दुसरं बरंच काही चालू होतं. खुद्द रोबोकॉपी त्याच डिस्कवरून साडेचार जीबी वाचून त्याच डिस्कवर लिहीत होता. रॅम 4 जीबीच, म्हणून विंडोज आपला पसारा त्याच डिस्कवर काढून ठेवत होतं. आणि मावशी काम करू लागली की इंडेक्सर शहाण्यासारखा वेग कमी करायचा. विंडोज 10 च्या मे 2020 च्या अपडेटपासून तर डिस्क आणि प्रोसेसर किती गुंतलेत हे पाहून तो स्वतःला आणखी आवरतो. तिला त्रास होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण काम तेवढंच राहिल्यामुळे वीस मिनिटांचं तास-दोन तास व्हायचं.

रोज थोडं वाढत का गेलं, याचं उत्तर सूचीच्या फाइलमध्ये आहे. डिसेंबरात ती लहान होती, तिचा बराच भाग रॅममध्ये मावायचा. फेब्रुवारीत ती 7 जीबीची झाली, रॅमच्या जवळपास दुप्पट. आता प्रत्येक नवी नोंद घालताना खच्चून भरलेल्या गोदामात जागा शोधत फिरल्यासारखं व्हायचं. सूचीत भर घालण्याचा खर्चच वाढला होता.

श्रीलिपीतलं मराठी

इथवर आल्यावर बॅकअप हलवून मी उठू शकलो असतो. पण त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी ती मला जास्त मोलाची वाटते.

मावशीच्या जुन्या वर्ड फाइल्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. 2000 च्या आधीपासून महाराष्ट्रातलं बहुतेक डीटीपी अशाच फॉन्टवर झालं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आयएसएमचे फॉन्ट. पडद्यावर 'चि. सौ. कां.' दिसतं, कागदावर तेच छापलं जातं, पण फाइलच्या पोटात देवनागरी नसतंच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. फॉन्ट काढला की मजकूर म्हणजे नुसता चिन्हांचा कचरा. इंडेक्सरला फॉन्ट दिसत नाही. तो पोटातलं वाचतो. म्हणजे हजारो फाइल्समधला कचरा तो रोज सकाळी इमानेइतबारे शब्द समजून टिपत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, 'मुहूर्त' टाइप करून शोधलं तर त्यातली एकही फाइल कधी सापडली नसती. मी शोधून पाहिलं, नाही सापडली.

पेजमेकरच्या फाइल्समधला मजकूर तर तिच्या मशीनवर काढताच येत नव्हता. तिथे फक्त नाव उपयोगी. स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे फोटोच, त्यात शब्द नाहीत. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्ये, वर्डच्या नव्या प्रकारात होत्या. त्यांच्या आतला मजकूर खरोखर शोधता येत होता.

त्यातही एक खाच निघाली. 'अ‍ॅड.' हा वकिलांच्या नावाआधीचा शब्द काही फाइल्समध्ये अ आणि वरचा अर्धचंद्र अशा दोन खुणांनी टाइप केलेला होता, काहींत 'ॲ' या एकाच अक्षरानं. डोळ्यांना दोन्ही सारखे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे जुना कीबोर्ड एक लिहितो आणि नवा दुसरं. एकानं शोधलं की दुसरं सापडत नव्हतं. मावशी कितीतरी दिवस म्हणत होती की वकीलसाहेबांची पत्रिका मशीननं गिळली.

मग मी तिला विचारलं, "तू शोधताना टाइप काय करतेस?"

"आडनाव आणि साल. प्रश्नपत्रिका असेल तर इयत्ता आणि विषय. दुसरं काही नाही."

तिच्या सगळ्या फाइल्सची नावं रोमन अक्षरांत, एकाच शिस्तीत आहेत. आडनाव, काम, साल. वीस वर्षांत तिनं ही शिस्त मोडलेली नाही. मला त्या बाईचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. तिला हवी असलेली सूची मुळात छोटीशी होती, आणि तिची निम्मी तयारी तिनं स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

चौदा फाइल्स

आता जुन्या प्रती उडवायच्या होत्या, आणि इथे मी घाई केली असती तर मोठं नुकसान झालं असतं. मावशी बोलता बोलता म्हणाली, "मध्ये एक पत्रिका चुकली बघ. मी मुहूर्त बदलून सेव्ह केलेला, पक्कं आठवतंय मला. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली तर जुनाच मुहूर्त. नशीब मुलीच्या वडिलांनी प्रूफ नीट वाचलं."

तेव्हा तिला वाटलं होतं की आपलंच वय झालं. झालं होतं ते वेगळंच. आडनाव टाइप केलं की सूची 63 प्रती दाखवायची. एकसारखी नावं एकाखाली एक. तिनं त्यातली एक उघडली होती, आणि ती एका तारखेच्या बॅकअपमधली निघाली. मुहूर्त तिथे बदलला गेला. मूळ फाइल होती तशीच राहिली. मुहूर्त चुकलेली पत्रिका पाचशे घरांत गेली असती तर तिचं वीस वर्षांचं नाव गेलं असतं. वेगाच्या तक्रारीपेक्षा हे कितीतरी गंभीर होतं, आणि तक्रारीत याचा उल्लेखही नव्हता.

म्हणून पुसण्याआधी शोध घेतला. रोबोकॉपी प्रत काढताना फाइल शेवटची बदलल्याची तारीख तशीच ठेवतो. म्हणजे 17 जानेवारीच्या फोल्डरमध्ये 17 जानेवारीच्या सकाळनंतर बदललेली फाइल असूच नये. असेल तर ती मावशीनं चुकून तिथेच उघडून बदललेली. अशा 14 फाइल्स निघाल्या. आम्ही शेजारी शेजारी बसून एकेक उघडली, मूळ फाइलशी ताडून पाहिली. नऊ पत्रिकांची लग्नं होऊन गेली होती, दुरुस्त्या तिनं त्या वेळी दुसऱ्यांदा करून दिल्या होत्या. "मी म्हणायचे, हे आपण केलेलं ना, परत कसं काय," ती म्हणाली. उरलेल्या पाचांमधली एक पुढच्या आठवड्यात छापायला जाणारी प्रश्नपत्रिका होती. तिच्यातली दुरुस्ती बॅकअपमध्येच पडून होती. या कामाला अडीच तास लागले, सगळ्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच.

मग पुढचं. क्रम महत्त्वाचा होता म्हणून सांगतो. मूळ फोल्डर आणि शेवटच्या तीन तारखा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, त्यातल्या काही फाइल्स उघडून पाहिल्या. त्यानंतर सर्चची सर्व्हिस तात्पुरती थांबवली. चालू ठेवून 4 लाख फाइल्स पुसल्या असत्या तर इंडेक्सरनं प्रत्येक पुसलेली फाइल सूचीतून काढण्याचं काम लगेच सुरू केलं असतं, आणि आणखी एक दिवस गेला असता. रिसायकल बिनमध्ये न टाकता सरळ पुसल्या. तरी दीड तास लागला.

सर्व्हिस पुन्हा चालू करून इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये आधी सूचीत काय घ्यायचं ते ठरवलं. मॉडिफायमध्ये फक्त कामाचं फोल्डर आणि स्टार्ट मेन्यू ठेवले, बाकीच्या खुणा काढल्या. ॲडव्हान्स्डमधल्या फाइल टाइप्सच्या पानावर प्रत्येक प्रकारासाठी दोन पर्याय असतात, फक्त नाव-तारखेची माहिती किंवा आतल्या मजकुरासकट. वर्डचा जुना प्रकार, पीडीएफ, पेजमेकर आणि कोरल यांना पहिला पर्याय दिला. वर्डच्या नव्या प्रकाराला दुसरा. मग रिबिल्ड दाबलं. हेच बटण आठवड्यापूर्वी दुरुस्तीवाल्यांनी दाबलं होतं, तेव्हा मशीन दोन दिवस बसलं. या वेळी आम्ही जेवायला गेलो आणि परत येईपर्यंत संदेश आलेला होता की इंडेक्सिंग पूर्ण झालं. नोंदी सात हजारांच्या आसपास. ईडीबी फाइल नव्यानं बनल्यामुळे दीडशे एमबीच्या आत. नुसतं पुसून ती लहान झाली नसती, आतली रिकामी जागा ती धरून ठेवते.

शेजारच्या मुलाला बोलावलं आणि त्याच्याच हातानं बॅच फाइल बदलून घेतली. प्रत आता बाहेरच्या डिस्कवर जाते, सात तारखा राहतात, आठवी आली की सगळ्यात जुनी जाते. एकाच डिस्कवर मूळ आणि प्रत दोन्ही ठेवली तर डिस्क गेल्यावर दोन्ही जातात, हे त्यानं ऐकलं आणि लगेच वहीत लिहून घेतलं. मुलगा चांगला आहे.

नंतर

सोमवारी सकाळी साडेनऊला बटण दाबलं. नऊ पस्तीसला पेजमेकर उघडून मावशी टाइप करत होती. लाल दिवा लुकलुकत होता. आडनाव टाइप केल्यावर फाइल समोर यायला एक सेकंदही लागला नाही, आणि एकच आली.

एसएसडी लावावी असं मला पहिल्याच दिवशी वाटत होतं, पण मुद्दाम आठवडाभर थांबलो. दोन्ही एकदम केलं असतं तर कशामुळे काय सुधारलं ते कळलंच नसतं. शिवाय एसएसडी लावून बॅकअप तसाच ठेवला असता तर मशीन झटपट चाललं असतं, 63 च्या 64, 65 प्रती होत राहिल्या असत्या, आणि एखादी पत्रिका चुकीच्या मुहूर्तानं छापली गेली असती. पुढच्या रविवारी एसएसडी लावली. तिला सुईचा हात नाही, फेऱ्या नाहीत, सेकंदाला हजारो उड्या सहज होतात. आता चालू केल्यापासून मिनिटाच्या आत काम सुरू होतं.

मला काही जणांनी विचारलं की हिला फक्त नावंच शोधायची तर 'एव्हरीथिंग' का नाही दिलं. तो प्रोग्रॅम एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेतली फाइलींची मूळ यादीच वाचतो, त्यामुळे लाखो नावं क्षणात दाखवतो, आणि मी स्वतः तो रोज वापरतो. पण मावशीचा हात वीस वर्षं त्याच चौकटीकडे जातोय. तिथेच हवं ते मिळत असताना नवीन खिडकी शिकवण्यात मला अर्थ दिसला नाही. इंडेक्सिंग पूर्ण बंद करावं अशीही घरं आहेत. ज्या मशीनवर कुणी फाइल शोधतच नाही, मुलं ऑनलाइन तास करतात आणि आजोबा बातम्या वाचतात, तिथे साधी हार्ड डिस्क असेल तर मीही बंद करून देतो. पण आधी विचारतो की तुम्ही काय शोधता, आणि ते बाजूला उभं राहून बघतो, कारण लोक सांगतात एक आणि करतात दुसरं.

जुन्या श्रीलिपीतल्या फाइल्सचं काम अजून बाकी आहे. मावशी आता फावल्या वेळात रोज चार-पाच फाइल्स युनिकोडमध्ये आणून नव्या प्रकारात जतन करते, जोडाक्षरं आणि रफार स्वतः तपासून. पतसंस्थांचे अहवाल तिनं आधी घेतलेत, कारण त्यातला मजकूर तिला परत परत लागतो. परवा फोनवर म्हणाली, 2009 पर्यंत पोचलेय.